निघोजचे रांजण आणि आत्याचे लोणार

शाळांना सुट्टी लागली की आमच्या घराला जायची ठिकाणे ठरलेली असत. एक तर मुलांच्या मामाचे गाव, नाही तर ज्या नातेवाइकांकडे लग्न असेल ते गाव. त्याखेरीज १ जानेवारीला भीमा-कोरेगाव, ६ डिसेंबरला दादर आणि जमेल त्या वर्षी विजयादशमीला नागपूर. एवढे फिरलो, पण वाटेत गाडी थांबवून एखादी नदी पाहिली, एखादा डोंगर पाहिला, असे कधी घडले नाही. पैसा नव्हता हे खरे आहे. पण दोन पैसे हाती आल्यावरही ती सवय आम्हाला लागली नाही. शेजारी महाबळेश्वरला जाऊन येत आणि फोटो दाखवत, तेव्हा आम्हाला वाटे, नुसते पाहायला एवढ्या लांब कशाला जायचे?

म्हणूनच २०२४ च्या मे महिन्यात आम्ही जो प्रवास केला त्याची हकिकत वाचकांना सांगावीशी वाटते. ह्या प्रवासात लग्न नव्हते, बारसे नव्हते, कोणाचे दुखणे-खुपणेही नव्हते.

त्याचे बीज मात्र चार वर्षे आधी पडले होते. जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर एकाएकी गुलाबी झाले. सगळ्यांच्या मोबाइलवर ते फोटो फिरत होते. आमचे आप्पा मूळचे मेहकरकडचे. त्यांनी लगेच गावी थोरल्या बहिणीला फोन लावला. आप्पा तिला 'बाई' म्हणतात, आमची ती आत्या.

"बाई, तळं गुलाबी झालं म्हणतात, खरं का?"

"मले काय माहीत बापू? मी कुठं पाह्यलं?"

"आता नाही, पण आधी तर पाहिलं असशील?"

"नाही रे बाप्पा. कधीच नाही."

आत्याच्या गावापासून लोणार जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. लोणारच्या बाजाराला ती लग्न झाल्यापासून जाते. जगभरचे शास्त्रज्ञ जे पाहायला येतात, ते तिने बाजाराची पिशवी घेऊन पन्नास वर्षे शेजारून जाता-येता पाहिलेच नव्हते. आप्पांनी फोन ठेवला आणि बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एकदा तिला न्यायचं." पुढे आजार, परीक्षा, घराचे हप्ते ह्यांत चार वर्षे गेली. आत्याच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, दुसरा अधू आहे, आणि गुडघे तर कामातूनच गेलेले. आता नाही नेले तर नंतर नेऊन उपयोग नाही, असे आम्हा दोघांनाही वाटू लागले.

मागच्या वर्षी आम्ही एक जुनी सात आसनांची गाडी घेतली होती. आप्पा, आम्ही दोघे, अकरावी झालेली मुलगी आणि सातवीतला मुलगा असे पाच जण, एक पाण्याचा वीस लिटरचा कॅन, चटई, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन पिंपरीहून पहाटे चारला निघालो. वाचकांपैकी कोणी उन्हाळ्यात असे जाणार असेल तर पहाटेच निघावे. अकरानंतर गाडीत बसणे म्हणजे तव्यावर बसणे.

रस्त्यावरून आमचा पहिला वाद झाला. मुलांचे म्हणणे, समृद्धी महामार्गाने जाऊ, भुर्रकन पोहोचू. आप्पांचे म्हणणे, जुन्याच रस्त्याने, सिंदखेडराजावरून जायचे. ते गाव सोडून आले ते ह्याच रस्त्याने एस.टी.त बसून. अखेर आप्पा जिंकले, पण मुलीने बदल्यात निघोज पदरात पाडून घेतले. तिच्या भूगोलाच्या पुस्तकात रांजणखळग्यांचे चित्र होते आणि ते पाहिल्याशिवाय ती पुढे येणार नव्हती.

आळंदी-मरकळवरून आम्ही नगर रस्त्याला लागलो. पेरणे फाट्याला जयस्तंभ आला. १ जानेवारीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्या पहाटे मात्र रस्ता रिकामा होता. गाडीतूनच अभिवादन केले. मुलगा म्हणाला, "गर्दी नसली की हे दुसरंच गाव वाटतं." आम्हालाही तसेच वाटले.

शिरूरपासून साधारण पंचवीस किलोमीटरवर निघोज. पुणे आणि नगर (आता अहिल्यानगर) ह्या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरून कुकडी नदी वाहते, तिच्या पात्रात हे खळगे आहेत. लोक त्यांना 'कुंड' म्हणतात. सात वाजता आम्ही काठावर उभे होतो. नदीचे पात्र म्हणजे सगळा काळा खडक, आणि त्या खडकात कोणी हजारो रांजण पुरून ठेवावेत तसे गोल गोल खड्डे. काही उखळाएवढे, काहींत माणूस उभा मावेल असे. दोन खळग्यांमधली भिंत झिजून काहींची एकच घळ झाली आहे. खडक इतका गुळगुळीत की हात फिरवावासा वाटतो. उन्हाळ्यात पाणी आटते म्हणून हे सगळे उघडे दिसते. पावसाळ्यात गेलात तर नुसता लोंढा दिसेल.

मुलीने सांगितले त्याचा सारांश असा. खडकात कुठे तरी कच्ची जागा असते. पुराच्या पाण्याबरोबर आलेला एखादा गोटा तिथे अडकतो आणि भोवऱ्यात सापडून गरगर फिरू लागतो. फिरता फिरता तो खडकाला घासतो, स्वतःही झिजतो. तो झिजून गेला की पुढच्या पुरात दुसरा गोटा येतो. अशी हजारो वर्षे चक्की चालू आहे. आमच्या मुलाने एका खळग्यात वाकून पाहिले तर खरोखर तळाशी गोल गोटे पडलेले होते. "हे कामाला लागलेले दगड आहेत," तो म्हणाला. आप्पा हसले. "सुट्टीवर आहेत. जूनमध्ये परत लागतील कामाला."

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. खळग्यातले पाणी शांत दिसले तरी त्याचा तळ समजत नाही आणि कडा निसरड्या असतात. फोटोसाठी काठावर कोणी जाऊ नये, मुलांचा हात सोडू नये. आम्ही एका तरुणांच्या टोळक्याला हे सांगायला गेलो तर त्यांनी आम्हालाच सांगितले, काका, तुम्ही तुमचं बघा. असो.

नऊला तिथून निघालो ते दुपारी छत्रपती संभाजीनगरला मावशीच्या दारात. आमची मावशी आणि मावसाजी नागसेनवनाच्या जवळच राहतात. मावसाजी १९६९ साली एक पत्र्याची पेटी घेऊन मिलिंद महाविद्यालयात शिकायला आले आणि मग ह्या शहराचेच झाले. बाबासाहेबांनी १९५० मध्ये सुरू केलेल्या ह्या महाविद्यालयाने मराठवाड्यातल्या आपल्या किती घरांना उभे केले ह्याची मोजदाद कोण करणार? संध्याकाळी ऊन उतरल्यावर मावसाजी आम्हाला तिकडे घेऊन गेले. "ही झाडं तेव्हा आमच्या कमरेएवढी होती," असे ते प्रत्येक झाडापाशी सांगत होते. दोन-तीन झाडांबद्दल आम्हाला शंका आली, पण आम्ही ती बोलून दाखवली नाही. अजिंठा-वेरूळ मुलांचे शाळेच्या सहलीत झाले होते, तेव्हा तो मोह टाळला. मावशीने रात्री आमरस केला आणि सकाळी निघताना डब्यात धपाटे दिले.

दुसऱ्या दिवशी जालना मागे टाकले आणि सिंदखेडराजाच्या अलीकडे भर उन्हात गाडीचे मागचे चाक बसले. जास्तीचे चाक काढले तर तेही अर्धे बसलेले! गाडी विकणाऱ्याने ते तपासून दिले आहे असे छातीठोक सांगितले होते. आम्हीही त्याच्या शब्दावर विसंबलो, हा आमचा बावळटपणा. सुदैवाने अर्ध्या किलोमीटरवर एका निंबाखाली पंक्चरवाल्याची टपरी निघाली. त्या पोराने तासाभरात दोन्ही चाके दुरुस्त केली आणि माठातले पाणी पाजले. आप्पा निंबाखाली बसून रस्त्याकडे पाहत होते. एस.टी. गेली की म्हणत, "ही मेहकर," "ही पुसद." पाटी वाचण्याआधीच.

आत्याच्या घरी पोहोचायला चार वाजले. "जय भीम, आले का बाप्पा!" म्हणत तिने पोरांच्या गालावरून हात फिरवून बोटे मोडली. अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजायला टाकले होते आणि चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती. तुपात बुडवलेला रोडगा पहिल्यांदाच खाल्लेल्या आमच्या चिरंजीवांनी तीन रोडगे संपवले आणि नंतर ओसरीवर आडवे झाले ते सकाळपर्यंत.

खरी अडचण रात्री गच्चीवर झोपताना पुढे आली. "उद्या पहाटे लोणारला जायचं," म्हटल्यावर आत्या म्हणाली, "तुम्ही जा, पाहून या. मी सैपाक करून ठेवते."

"बाई, तुझ्यासाठीच तर आलो," आप्पा म्हणाले.

"मले काय काम आहे तिथं?"

हेच वाक्य तिने निरनिराळ्या तऱ्हेने तीन-चारदा म्हटले. मग आमच्या मुलीने तिला सरळ विचारले, "आजी, बाजाराला जायचीस तेव्हा पाहावंसं नाही वाटलं?" आत्या थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पोरी, कामाबिगर कुठं जायची सवयच नाही. आमच्या वक्ताले बाईमाणूस रिकामं कुठं उभं दिसलं की कोणी ना कोणी हटकायचं, काय गं, काम नाही का तुले? अन् आपल्या वस्तीतली असली मंग तर जास्तच. बाजार केला, वाट धरली. तळं पाहाले गेले असं घरी सांगतलं असतं तर घरचेही हसले असते."

तिने हे अगदी साधेपणाने सांगितले, त्यात तक्रारीचा सूर नव्हता. पण आम्हा दोघांना आमचेच शब्द आठवले, नुसते पाहायला एवढ्या लांब कशाला जायचे? आम्ही समजत होतो तो आमचा काटकसरीपणा आहे.

सकाळी मात्र आत्या सगळ्यांच्या आधी नऊवारी नेसून, डोक्याला तेल लावून तयार बसली होती. पिशवीही घेतली होती. बाजारही करू म्हणाली.

गावाबाहेर दोनेक किलोमीटरवर तिने एकदम गाडी थांबवायला लावली. "बापू, ओळखलं का?" आप्पा आधीच काचेतून पाहत होते. साधा डांबरी रस्ता, एक वळण, पलीकडे बाभळी. १९७२ च्या दुष्काळात इथे रस्त्याचे काम निघाले होते. आप्पा तेव्हा चौदा वर्षांचे, नववीत. आत्या सतरा वर्षांची. त्या वर्षी तिचे लग्न ठरले होते ते दुष्काळामुळे पुढे ढकलले आणि ती आजीबरोबर खडी फोडायला जाऊ लागली. शाळेला सुट्टी असली की आप्पाही. पायाला आणि हाताला चिंध्या बांधायच्या, पुढ्यात दगडांचा ढीग. खायला सुकडी आणि मिलोच्या लाल भाकरी. हे मिलोचे नाव आमच्या मुलांनी पहिल्यांदाच ऐकले. दुष्काळात परदेशातून आलेली ती लाल ज्वारी. तिची भाकर घशाखाली उतरायची नाही, असे आत्या आजही तोंड वाकडे करून सांगते.

"ह्या वळणापासून त्या बाभळीलोक आमची खडी," आत्या म्हणाली. वरून कितीदा तरी डांबर पडले असेल. आमची गाडी त्यावरून सावकाश गेली.

लोणारच्या काठावर पोहोचलो तेव्हा सूर्य नुकता वर आला होता. वाचकहो, लोणारचे नवल असे की अगदी कडेला जाईपर्यंत काही दिसत नाही. सपाट मुलूख, शेते, गावाची घरे. जमीन जरा उंच चढते आणि एकदम पायाखालची संपते. खाली प्रचंड मोठी गोल परात ठेवल्यासारखा खड्डा, कडेने झाडी, तळाशी हिरवट पाणी. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली सुमारे १३७ मीटर. खालून मोरांचा आवाज येत होता.

आत्या कठड्याला धरून उभी राहिली. चांगल्या डोळ्यावर हाताची सावली धरली. आम्ही सगळे तिच्याकडेच पाहत होतो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "एवढा खड्डा कोणं खंदला?"

चिरंजीव ह्या प्रश्नाची वाटच पाहत होते. आकाशातून एक मोठा दगड, म्हणजे उल्का, प्रचंड वेगाने येऊन आदळला आणि हा खड्डा झाला. पूर्वी काही जण हा ज्वालामुखीचा खड्डा समजत. पण इथल्या खडकात असे काचेसारखे कण सापडले की जे फक्त भयंकर आघातानेच तयार होतात आणि १९७३ पासून उल्केची गोष्ट पक्की झाली. कधी झाले ह्यावर मात्र मतभेद आहेत. आधीच्या मोजणीत सुमारे पन्नास हजार वर्षे, २०१० च्या सुमाराच्या मोजणीत साडेपाच लाखांहून जास्त. पाणी खारट आणि खूप क्षारयुक्त, कपडे धुण्याच्या सोड्यासारखे. पूर्वी इथून तसा क्षार काढतही असत. २०२० मध्ये पाणी आटून खारटपणा वाढला, त्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे रंग गुलाबी झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत स्थान मिळाले.

आत्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हंजे दगडानं दगड फोडला म्हण ना."

मग ती काठाच्या उघड्या खडकापाशी गेली. त्यावर हात फिरवला, बोटाच्या पेराने ठोकून पाहिले. "हा आपलाच दगड हाय. ह्या भोकाभोकाच्या दगडाले इथं, ह्या रेघंवर घाव घातला की झटकन फुटते. अन् त्यो निब्बर काळा पाह्यला? त्यो हात सोलून काढते. आम्ही त्यो दुसऱ्याच्या ढिगात सरकवत होतो!" आणि ती तोंडाला पदर लावून हसली.

आमची मुलगी तिच्याकडे पाहतच राहिली. ती भोके म्हणजे लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूचे बुडबुडे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ह्या लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यातूनच आपला बहुतेक महाराष्ट्र घडला. निघोजचा खडक तोच, अजिंठ्याची लेणी कोरली तो खडकही तोच. जगात उल्केचे खड्डे पुष्कळ आहेत, पण अशा काळ्या खडकात पडलेले फार थोडे, म्हणून चंद्रावरच्या खड्ड्यांचा अभ्यास करणाऱ्यांनाही लोणार हवे असते. कोणता थर कच्चा, कोणता पक्का, हे पोरीने पुस्तकात वाचले होते. आत्याला ते मनगटाने ठाऊक होते. दोघी मग अर्धा तास दगडच पाहत फिरल्या. इथला दगड उचलून न्यायचा नाही, हे अभयारण्य आहे, असे मुलीने सांगितल्यावर आत्या म्हणाली, "मले नको बाई. पुष्कळ उचलले."

तिथेच आप्पांनी नातवंडांना ती गोष्ट सांगितली, जी आम्हीही अर्धवटच ऐकली होती. दुष्काळ सरला त्या वर्षी आप्पांना तालुक्याला शिकायला ठेवायचे की कामाला लावायचे असा घरात प्रश्न होता. आत्याने लग्नासाठी केलेले चांदीचे गोठ काढून दिले आणि खडीच्या पगारातून उरलेले पैसेही. लग्नात तिच्या हातात काचेच्या बांगड्याच होत्या. स्वतः ती चौथीपर्यंत शिकलेली. आप्पा मॅट्रिक झाले, पिंपरीला कारखान्यात लागले, म्हणून आम्ही शिकलो आणि म्हणून आज गाडी घेऊन इथे आलो होतो. पुढे आप्पांनी तिला दोनदा गोठ करून देऊ केले, दोन्ही वेळा तिने ते पैसे पोरांच्या फीला लावायला सांगितले.

"काय रे, पोरायले काहीबाही सांगतं," आत्या म्हणाली आणि तोंड तळ्याकडे फिरवले.

आम्ही दोघे मुलांना घेऊन पायवाटेने थोडे खाली उतरून आलो. आत गार झाडी आहे, वानरे आहेत, पाण्याजवळ गेले की एक उग्र वास येतो. वर चढताना दम लागतो, पाणी बरोबर असू द्यावे. तासाभराने परतलो तर आप्पा आणि आत्या झाडाखाली चटईवर बसले होते, मध्ये मावशीच्या धपाट्यांचा डबा उघडा. त्या तासात दोघे काय बोलले ते आम्ही विचारले नाही. आत्याने एवढेच सांगितले की ऊन चढले तसा पाण्याचा रंग दोनदा बदलला, ते आम्ही पाहिले नाही.

मग बाजार. आत्याने मिरच्या, लसूण आणि आमच्यासाठी गावरान आंबे घेतले. ओळखीच्या भाजीवालीने विचारले, "आज पाव्हणे का?" आत्या म्हणाली, "हो. तळं पाहाले आलो होतो." हे ती दोन दुकाने सोडून आणखी एकीलाही सांगत होती.

परत जाताना ती पुढच्या सीटवर बसली. मुलीने मोबाइलमधले निघोजचे फोटो दाखवले. आत्याने मोबाइल डोळ्याजवळ नेऊन एकेक फोटो न्याहाळला.

"हे रांजण तुमच्या पिंपरीहून किती लांब?"

"दोन-अडीच तास, आजी."

आत्याने फोन परत दिला, पिशवी मांडीवर नीट घेतली आणि आप्पांना म्हणाली, "बापू, मेहकरहून पुण्याले थेट एस.टी. किती वाजता असते? मले आता अर्धंच तिकीट लागते."